परक्या शब्दाची खूण

कारंजा लाड हे वाशिम जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. दत्तभक्त तिथे जातात ते नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या दर्शनाला. जैन परंपरेत कारंज्याचे नाव निघते ते भट्टारकांच्या, म्हणजे धर्मपीठांच्या प्रमुखांच्या, गाद्यांमुळे आणि त्या गाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या हस्तलिखितांमुळे. या पोथ्यांचे मोल ओळखूनच कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली आणि १९३१ साली तिचे पहिले पुस्तक निघाले: दहाव्या शतकातला कवी पुष्पदंत याचे अपभ्रंश भाषेतले ‘जसहरचरिउ’. संपादक होते परशुराम लक्ष्मण वैद्य.

पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावर उघड झाले, की पुष्पदंताच्या काव्यात तीन जागी दुसऱ्याच कवीची रचना मिसळलेली आहे. भैरवानंद नावाच्या कौल तांत्रिकाचे राजाकडे येणे, नायकाचा विवाह आणि पुढच्या जन्मांतली भ्रमंती, हे तीन तुकडे गंधर्व नावाच्या कवीचे. त्याने ते विक्रम संवत १३६५ मध्ये, म्हणजे इसवी सन १३०८ च्या सुमारास, दिल्लीत घातले. हे निश्चित सांगता येते, कारण गंधर्वानेच ते लिहून ठेवले. आपण कोण, कोणाच्या आग्रहावरून ही भर घातली आणि कधी, याची नोंद त्याने काव्यातच केली.

प्रत्येक प्रक्षेपकार इतका प्रामाणिक नसतो. बहुतेकांचा शब्द मूळ कर्त्याच्या नावावर खपतो, आणि वाचणारा त्यापुढे हात जोडतो तो मूळ कर्त्यावरच्या श्रद्धेने. शब्द खरा की खोटा हे ऐकणारा क्वचितच तपासतो. तो कोणाच्या मुखातून आला एवढेच पाहतो. भारतीय तर्कशास्त्राने आप्तवाक्याला, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याला, ज्ञानाचे प्रमाण मानले ते काही भाबडेपणाने नव्हे. त्यावाचून व्यवहार एक दिवसही चालणार नाही. पण मग प्रश्न उभा राहतो: आप्ताच्या मुखातून परक्याचा शब्द बाहेर पडला, तर त्याची जबाबदारी कोणाची?

संगणकाच्या जगात हा प्रश्न रोजचा आहे. तिथे त्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात, थोडक्यात एक्सएसएस. मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यांनी २००० सालाच्या सुरुवातीला हे नाव दिले आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने त्याबद्दलचा इशारा प्रसिद्ध केला. ब्राउझरची सारी विश्वासव्यवस्था एका नियमावर उभी आहे: एका पत्त्याच्या पानावर चालणाऱ्या प्रोग्रामने त्याच पत्त्याच्या माहितीला हात लावावा, दुसऱ्याच्या नाही. बँकेच्या पानावरचा प्रोग्राम बँकेची माहिती वाचू शकतो, कारण तो बँकेच्याच पानाचा भाग मानला जातो. आता एखाद्याने त्या पानावरच्या नावाच्या किंवा शेऱ्याच्या रकान्यात नावाऐवजी प्रोग्रामच लिहिला आणि अ‍ॅप्लिकेशनने तो जसाच्या तसा पानात ओतला, तर ब्राउझरला फरक कळत नाही. त्याच्या लेखी ते बँकेचेच बोलणे. मग तो परका प्रोग्राम वापरणाऱ्याच्या नावाने अर्ज करू शकतो, त्याचे लॉगिन चालू ठेवणारी सत्रओळख चोरू शकतो, खोटा लॉगिनचा चौकोन दाखवून पासवर्डही मागू शकतो.

परका शब्द आत येण्याच्या वाटा तीन. कधी तो साठवला जातो आणि पुढे पान उघडणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. कधी तो एखाद्या लिंकमध्ये दडलेला असतो आणि लिंक दाबणाऱ्याच्याच पानावर लगेच उमटतो. तिसरी वाट अधिक फसवी आहे. तिथे पानातला प्रोग्रामच पत्त्याच्या ओळीतून मजकूर उचलतो आणि न तपासता पानावर लिहितो. हॅश चिन्हापुढचा मजकूर तर सर्व्हरपर्यंत पोचतही नाही, त्यामुळे तिथल्या नोंदी कितीही चाळल्या तरी त्याचा माग लागत नाही.

हे सगळे शहरी श्रीमंतांचे दुखणे आहे असा समज असेल तर तो खरा नाही. समजा, वाशिम जिल्ह्यातल्याच मानोऱ्यात एका सेवा केंद्रात कोणी दाखल्याचा अर्ज भरला. नाव, गाव, गट क्रमांक, शेरा. तो अर्ज दोन दिवसांनी कचेरीतला कर्मचारी आपल्या अधिकाराच्या खात्यातून उघडणार. शेऱ्याच्या रकान्यात प्रोग्राम असेल आणि पान ढिसाळ असेल, तर तो अर्जदाराच्या मोबाइलवर चालणार नाही. तो चालेल कर्मचाऱ्याच्या पडद्यावर, कर्मचाऱ्याच्या अधिकारांनिशी. तपासणी करताना म्हणूनच लिहिलेला मजकूर त्याच पानावर दिसला की नाही एवढे पाहून भागत नाही. तो पुढे कोणाकोणापुढे जातो, कोणत्या अहवालात, कोणत्या छापील प्रतीत उमटतो, हे शोधावे लागते.

उपाय काय? पहिला सुचतो तो छाटणीचा. वाईट दिसेल ते काढून टाकावे. २००५ मध्ये मायस्पेस या अमेरिकन संकेतस्थळाने तेच केले होते. तिथल्या गाळणीला पानातल्या प्रोग्रामच्या भाषेचे नाव, जावास्क्रिप्ट हा शब्द, दिसला की ती तो उडवत असे. सॅमी कामकार या तरुणाने तो शब्द मधेच तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला तो ओळखू आला नाही, पण काही ब्राउझरांनी दोन्ही तुकडे जोडून घेतले. त्याचे पान जो पाही त्याच्या पानावर तोच मजकूर आपोआप जाई, आणि सॅमी हा आपला आदर्श असल्याचे वाक्यही. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक लोकांची पाने त्याने भरली आणि मायस्पेसला आपला कारभार थांबवावा लागला.

छाटणीची मर्यादा पाठचिकित्सकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तिच्यात ओवी घालू नये अशी ताकीद दिली. त्या कामाचे ऋण मराठीवर कायमचे आहे. पण त्यांनी वगळले ते नेमके काय होते, हे आज त्यांच्या प्रतीवरून सांगता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वेगळी रीत धरली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिची घडी बसवली. पुढे जसहरचरिउचे संपादक वैद्य हेही त्या कामाचे प्रमुख संपादक झाले, आणि १९६६ मध्ये अठराही पर्वांचे काम पूर्ण झाले. या आवृत्तीत प्रक्षिप्त ठरलेल्या ओळी फेकून दिलेल्या नाहीत. त्या मूळ संहितेखाली तारांकित करून छापल्या आहेत आणि मोठे भाग परिशिष्टात गेले आहेत. वाचकाला त्या वाचता येतात. फक्त त्या व्यासांचे बोलणे म्हणून त्याच्यापुढे येत नाहीत.

एक्सएसएसवरचा खरा इलाज याच जातीचा आहे. आलेला मजकूर पानावर लिहिताना त्यातल्या टोकदार कंसांना आणि अवतरणचिन्हांना अशा संकेतात बदलायचे, की ब्राउझरने ती चिन्हे म्हणून दाखवावीत, आज्ञा म्हणून पाळू नयेत. कोणी नावाच्या जागी प्रोग्राम लिहिला तरी तो पडद्यावर अक्षरांच्या रूपात दिसतो आणि तिथेच राहतो. काहीही हरवत नाही, कोणाचे लिहिणे दडपले जात नाही. मात्र ही संकेतात बदलण्याची खूण जागा पाहून करावी लागते. पानाच्या मजकुरात चालणारी खूण वेब पत्त्याच्या आत पुरत नाही, आणि प्रोग्रामच्या ओळीत तर मुळीच नाही. जाणते लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. सत्रओळख प्रोग्रामला वाचता येणार नाही अशी ठेवणे, किंवा कोणत्या ठिकाणचे प्रोग्राम चालवायचे याची यादी ब्राउझरला आधीच देणे, हे पुढचे कोट झाले. ते हवेतच, पण मूळ दुरुस्तीची जागा ते घेत नाहीत.

तपासणीची सुरुवातही साधी आहे. आधी प्रत्येक रकान्यात एखादे निराळे, दुसरीकडे कुठेही न सापडणारे अक्षरजुळणीचे चिन्ह लिहावे आणि ते कुठे कुठे उमटते ते पाहावे. मग त्याच्याबरोबर टोकदार कंस आणि दोन्ही प्रकारची अवतरणे द्यावीत आणि पानाच्या मूळ संहितेत ती बदलून आली की जशीच्या तशी, हे डोळ्यांनी वाचावे. जशीच्या तशी आली असतील तर आणखी पुढे जाण्याची गरज सहसा नसते. पडद्यावर एक निरुपद्रवी चौकट उघडून दाखवली की पुरावा पूर्ण होतो.

निरुपद्रवी? इथे जसहरचरिउची कथाच आडवी येते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. राजा यशोधराला, म्हणजेच जसहराला, आई बळी द्यायला सांगते. जीव मारायला त्याचे मन घेत नाही, म्हणून तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करून तोच कापायचा. रक्त सांडत नाही, प्राण जात नाही. तरीही जैन परंपरा त्या दोघांना सोडत नाही. मोर, कुत्रा अशा योनींत जन्म घेत ते त्या कृत्याचे फळ भोगतात, कारण कापताना मनात मारण्याचाच संकल्प होता.

परवानगीवाचून दुसऱ्याच्या संकेतस्थळावर उघडलेली ती चौकट हा पिठाचा कोंबडाच आहे का? कामकारने कोणाचे पैसे चोरले नव्हते. तरी त्याने गुन्हा कबूल केला आणि २००७ मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, समाजसेवा आणि भरपाई सुनावली. त्याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. जून २०१४ मध्ये ऑस्ट्रियातला एक कुमारवयीन मुलगा ट्वीटडेक या ट्विटर वापरण्याच्या साधनावर हृदयाचे चिन्ह उमटवण्याची खटपट करत होता. त्या खटपटीत त्याच्या हाती असाच दोष लागला. त्याने तो कळवला. पण तोवर बातमी फुटली होती, आणि दुसऱ्या कोणाचा आपोआप पसरणारा संदेश हजारो खात्यांवरून फिरला. कृती जवळजवळ तीच, संकल्प मात्र निराळा. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही हा भेद दिसतो. कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून केलेल्या हस्तक्षेपासाठी भरपाई मागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ त्याला गुन्हा ठरवते.

म्हणजे चांगला हेतू असला की परवानगी लागत नाही, असे नव्हे. हेतू स्वच्छ असला तरी घर दुसऱ्याचे आहे, आणि त्या पानावर त्या क्षणी काम करणारी माणसे खरी आहेत. तपासनिसाने लेखी संमती घ्यावी, शक्य तर खऱ्या माहितीऐवजी चाचणीच्या प्रतीवर काम करावे, आणि साठवला जाणारा मजकूर लिहिला असेल तर तो कुठे राहिला ते कळवून पुसून घ्यावा.

पण सारा दोष परक्यावर ढकलून मालकालाही सुटता येणार नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधलेली आहे. बेफिकिरीच्या योगाने झालेला प्राणघात ती हिंसा. पिठाचा कोंबडा संकल्पाचे वजन सांगतो, उमास्वाती गाफीलपणाचे. एक्सएसएस कसे टाळावे हे दोन दशकांहून अधिक काळ माहीत आहे. संकेतस्थळ बांधायची बहुतेक नवी फ्रेमवर्क्स खूण करण्याचे काम आपोआप करतात आणि ते बंद करायला प्रोग्रामरला मुद्दाम काही लिहावे लागते. अशा वेळी घाईत ते बंद करणे, चाचणीला वेळ नाही म्हणून पान तसेच लोकांपुढे ठेवणे, याला अपघात म्हणता येत नाही. ज्याच्या नावाने पान बोलते, त्यानेच त्यातल्या प्रत्येक शब्दाचा मान आणि भार उचलावा. आप्ताच्या मुखातून आलेल्या परक्या शब्दाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर हेच आहे.

वाशिमसारख्या जिल्ह्यात संगणक शिकणाऱ्या मुलांना ही तपासणी शिकण्यासाठी कोणाच्या चालत्या संकेतस्थळाला हात लावायची गरज नाही. ओवास्प या संस्थेची वेबगोट आणि ज्यूस शॉप ही मुद्दाम दोष ठेवलेली सराव अ‍ॅप्लिकेशन्स फुकट मिळतात आणि स्वतःच्या संगणकावर चालतात. आधी त्यांत दोष शोधावा, मग तो दुरुस्त करावा, आणि शेवटी त्याचा अहवाल मराठीत लिहावा: कोणता रकाना, काय लिहिले, ते कुठे उमटले, कोणाच्या अधिकारात चालले असते, कोणती खूण केली असती तर थांबले असते. पुढे कधी खऱ्या संकेतस्थळावर असा दोष नकळत समोर आला, तर तिथेच थांबून हाच अहवाल मालकाला पाठवावा, आणि तिथून उत्तर न आल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला.