वकीलपत्र आणि भूमिका

नट हा आपल्या पात्राचा वकील असतो, असं नेहमी म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेलं अर्धं मामूटींच्या कामात सापडतं. वैकमजवळच्या चेंपू गावचा हा माणूस एर्नाकुलमच्या लॉ कॉलेजात शिकला, मंजेरीत वकिली करू लागला आणि १९८०च्या सुमारास मल्याळम सिनेमात स्थिरावला.

वकिलानं अशिलाचं उणं झाकायचं असतं. तो त्याचा धर्मच. पण अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘विधेयन’मधला (१९९३) भास्कर पटेलर पाहा. पोटासाठी परमुलखात आलेल्या तोम्मीला हा जमीनदार लाथाडतो, त्याच्या बायकोवर हक्क सांगतो. मामूटी त्याच्यासाठी कसलीही सूट मागत नाहीत. दरारा ओसरल्यावर रानोमाळ पळणाऱ्या त्याच पटेलरची भीतीही ते लपवत नाहीत. आपल्याला तो समजतो, तरी माफ करावासा वाटत नाही.

पुढे डॉ. जब्बार पटेलांच्या इंग्रजी चित्रपटात ते बाबासाहेब झाले आणि १९९८चा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना अजय देवगणसोबत विभागून मिळाला. भूमिका मराठी नटाला का नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्यांना खुले व्हावेत म्हणून १९२४ साली, महाडच्या तीन वर्षं आधी, सत्याग्रह झाला तो मामूटींच्या गावाजवळच्या याच वैकमला. मोठी अडचण वेगळीच होती. ज्यांनी कोट्यवधींचं वकीलपत्र घेतलं, त्यांची वकिली कुणी करायची? मामूटी ती करतच नाहीत. रमाबाईंसमोरचे त्यांचे बाबासाहेब मला म्हणूनच सभेतल्या बाबासाहेबांइतके मोलाचे वाटतात: तिथे पुतळा नाही, संसाराला वेळ देता न आलेला एक नवरा आहे.

२०२३चा ‘काथल’ तर थेट कोर्टात जातो, आणि तिथे मामूटी प्रतिवादी आहेत. आपलं समलैंगिक असणं वर्षानुवर्षं दडवलेला मॅथ्यू स्थानिक पोटनिवडणुकीला उभा आहे, आणि पत्नी ओमनानं घटस्फोटाचा दावा लावलाय. चित्रपट मामूटींच्याच कंपनीचा, वय बहात्तर, पाठीशी अफाट चाहतावर्ग. एवढं असूनही ते खांदे पाडून, नजर चुकवत अवघडून बसतात. मॅथ्यूची घुसमट आपल्याला कळते, आणि तरीही दाव्यात ओमनाचीच बाजू भक्कम आहे हे ते आपल्याला दिसू देतात.