गार इंजिन

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला आलेला माणूस किलोमीटरच्या आधी एक प्रश्न विचारतो. "पुरातली नव्हे ना?" ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. गल्लोगल्ली उभ्या गाड्या बुडाल्या. इंजिनात पाणी शिरलं की ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं. ते बदलून, पुसूनपासून गाडी विकता येते, पण आतला गंज राहतो. म्हणून तो प्रश्न.

मलाही तो विचारला गेला. मी "नाही" म्हणालो आणि ते शंभर टक्के खरं होतं. तरी त्या दिवशी मी खोटं वागलो, असं मला वाटतं.

गाडी वडिलांची, शंभर सीसीची. त्यांचे गुडघे गेल्यावर चार वर्षं जिन्याखाली उभी होती. उभ्या गाडीला काय होणार, असं आपल्याला वाटतं. पण उभं राहून ऑईल चिकट होतं, रबराचे सील कडक होतात, चिरतात. बॅटरी बदलली, कार्बोरेटर धुतला, पंधराव्या किकला सुरू झाली आणि सायलेन्सरमधून धूर.

उद्यमनगरच्या बाजूला ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांनी आधी धुराचा रंग बघितला. काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा आणि गरम झाल्यावर थांबणारा असता तर साठलेला ओलावा. आमचा निळसर, म्हणजे ऑईल जळत होतं. पण येतंय कुठून? खालून रिंगांतून, की वरून व्हॉल्व्हच्या सीलमधून? त्यांनी प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं, मग त्याच भोकातून चमचाभर ऑईल सोडून परत मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर त्या ऑईलनं फट बुजून आकडा चांगलाच वाढला असता. तसा वाढला नाही. "रिंगा बऱ्या हायत. सील गेल्यात." म्हणजे रात्रभर ऑईल वरून झिरपणार, सकाळी पहिल्या किकला निळा लोट, मग थोड्या वेळात साफ.

खाली डागही पडत होता. इंजिन डिझेलनं धुतलं, पुसलं, वर टाल्कम पावडर मारली आणि रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. ऑईल ओघळतं, वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळे जिथं जास्त ओलं तिथंच गळती असं नसतं. पावडर सगळ्यात आधी भिजली ती गिअरच्या शाफ्टपाशी. मला हा प्रकार फार आवडला. संशय कुणावरही न घेता नुसतं बघायचं.

मिस्त्रींनी खर्च सांगितला आणि दुसरा रस्ताही. "जाड ऑईल घालतो. गिऱ्हाईक यायच्या आधी धा मिनिटं गरम करून ठेवा. कळत न्हाई."

जाड ऑईल मी घातलं नाही. गाडी गरम मात्र केली.

मुलगा कागलच्या एमआयडीसीत नुकताच लागलेला. पुराचं विचारून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. एक किक, एक चक्कर, "दादा, गाडी नादखुळा हाय." टोकन देऊन गेला.

सिसेरोनं इसवीसनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात हाच वाद आहे. घर विकायचंय. खोल्यांत साप निघतात, लाकूड खराब आहे, आणि मालकाशिवाय हे कुणाला माहीत नाही. सांगावं का? अँटिपाटर म्हणतो, सांगावंच. न सांगणं म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं. डायोजिनिस म्हणतो (पिंपातला नव्हे, हा बॅबिलोनचा), न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. घेणाऱ्याला डोळे आहेत, बळजबरी कुणी केली नाही. मला बराच वेळ डायोजिनिस पटत होता. त्यानं धुराचं विचारलं असतं तर सांगितलं असतं की!

पण त्या घरमालकानं साप दिवसभरापुरते पोत्यात बांधून ठेवले नव्हते. मी ठेवले होते. आपला १८७२ चा करार कायदाही इथंच रेघ ओढतो. १७ व्या कलमाप्रमाणे नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक नाही, पण फसवायच्या हेतूनं माहीत असलेली गोष्ट झाकणं ही आहे.

मला जास्त खुपलं ते माझं खरं उत्तर. त्या मुलाकडे एकच प्रश्न होता, या गावानं त्याला शिकवलेला. त्याचं खरं उत्तर मिळाल्यावर बाकी बघायचं त्यानं सोडून दिलं. अश्वत्थामा नावाचा हत्तीही खरोखरच मेला होता. युधिष्ठिराचा रथ निदान जमिनीला टेकला, मला टोकन मिळालं.

दोन दिवसांनी फोन केला. "उद्या सकाळी सातला ये. गाडी गार असताना बघ."

आला. मी किल्ली पुढं केली, तर त्यानं आधी वाकून इंजिनाला तळहात लावला. मग किक मारली. जिन्याखाली निळा लोट भरला. मी सील, गळती, खर्च सगळं सांगितलं, तीन हजार कमी करतो म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता.

"म्हंजी परवा गरम करून ठेवलेली?"

"हो."

"आणि पुराचं?"

"पुरातली नाही. खरंच."

त्यानं मोबाईलचा टॉर्च लावला, उकिडवा बसला आणि चेनकव्हरच्या आत गाळ आहे का ते बघायला लागला.