आवडी जुळल्या, पुढे?

युजी साकामोतो यांनी लिहिलेल्या आणि नोबुहिरो दोई यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वुई मेड अ ब्युटिफुल बुके’ (२०२१) या जपानी चित्रपटात प्रेम मोडतं, पण त्याला खलनायक नाही. तिसरं माणूस मध्ये येत नाही, आजारपण नाही, घरच्यांचा कडवा विरोधही नाही. २०१५ मध्ये तोक्योच्या मेइदाइमाए स्थानकात मुगी आणि किनू या दोघा विद्यार्थ्यांची शेवटची गाडी चुकते. २०२० मध्ये ती दोघं एकाच कॅफेत असतात, पण वेगवेगळ्या टेबलांवर, आपापल्या नव्या जोडीदारासोबत.

पहिल्याच रात्री उघड होतं की दोघांच्या पायांत सारखेच पांढरे बूट आहेत, दोघंही सिनेमाचं तिकीट पुस्तकात खूण म्हणून ठेवतात आणि पलीकडच्या टेबलावर बसलेले गृहस्थ म्हणजे अ‍ॅनिमेशनचे दिग्दर्शक मामोरू ओशी, हेही फक्त त्या दोघांनाच कळलेलं आहे. एवढ्यावर कोणीही प्रेमात पडेल. जगात आपल्यासारखं आणखी एक माणूस आहे, या शोधाची नशा मोठी असते.

त्या नशेत एक मोजपट्टी दडलेली आहे. नोकरीच्या मुलाखतीत किनूला कुणीतरी घालूनपाडून बोलतं, तेव्हा मुगी तिची समजूत काढतो: तो माणूस मोठा असेल, पण नात्सुको इमामुराची ‘पिकनिक’ ही कथा वाचून त्याला काहीही वाटणार नाही. प्रेमात पडलेल्या मुलाच्या तोंडी हे गोड वाटतं. पण त्याचा अर्थ असा, की माणसाची किंमत त्याच्या वाचनावरून ठरवायची.

पुढे मुगीचे वडील त्याला महिन्याला मिळणारे पन्नास हजार येन बंद करतात. चित्रं काढून मिळणारा मोबदला घसरत जातो आणि मुगी मालवाहतुकीच्या कंपनीत चिकटतो. पाचला सुटी, असं सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात रात्र होते. आता त्याला मोबाइलवरच्या गेमखेरीज कशातच मन लावता येत नाही. पुस्तकाच्या दुकानात किनूला आवडत्या लेखिकेची नवी कथा सापडते, ती उत्साहानं वळते, आणि मुगी यशस्वी होण्याचे धडे देणारं पुस्तक उभ्यानं वाचत असतो. एका भांडणात तो म्हणतो, ‘पिकनिक’ वाचून आता मलाही काही वाटणार नाही. स्वतःच आखलेल्या पट्टीवर तो नापास होतो, आणि ते त्याला ठाऊक असतं.

नोकरीनं प्रेम खाल्लं, असं म्हणून मोकळं होता येतं. ते निम्मं खरं आहे. वाचायला, ऐकायला, रिकामं भटकायला वेळ लागतो, आणि पगारी माणसाकडे तोच उरत नाही. पण आवड एकच असल्यामुळे या दोघांना मतभेद मिटवण्याचा सरावच झालेला नव्हता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ठरवून केलेल्या लग्नात निदान पहिल्या दिवसापासून मीठ-मसाल्यावरून तरी जुळवून घ्यावं लागतं.

शेवटी त्यांच्या नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये मुगी लग्नाचं सुचवतो. प्रेमाचा भर ओसरला तरी संसार होतो, असा त्याचा हिशेब. आणि तो मुळीच चुकीचा नाही. तेवढ्यात यांच्याच जुन्या जागेवर एक कोवळी जोडी येऊन बसते आणि त्याच उत्साहानं आपापल्या आवडी एकमेकांपुढे मांडू लागते. नावं तेवढी नवी. मुगी-किनूला रडू कोसळतं. गेलेल्या दिवसांसाठी ती रडतात, असं बहुतेकांना वाटेल. मला त्यात आणखी एक जखम दिसते. आपली गोष्ट जगावेगळी आहे, हा त्यांचा सगळा आधार होता. समोर तिची पुढची आवृत्ती बसलेली आहे.

वेगळं व्हायचं ठरल्यावरही ती तीन महिने एकाच घरात राहतात. हा भाग साकामोतोंनी भराभर उरकला आहे. मला तो लांबलेला चालला असता. सामान वाटून घेतलं जातं, पाळलेलं मांजर कुणाकडे राहणार हे स्टोन-पेपर-सिझर खेळून ठरतं, जुन्या संशयांबद्दलही हसत विचारून होतं. समोरच्यानं हल्ली काय वाचलं, हे आता कुणी तपासत नाही. असं राहणं आधी जमलं असतं, तर मुगीचा तो संसाराचा हिशेब कदाचित त्यांच्याबाबतीतही खरा ठरला असता. पण एकमेकांना न तपासणारी ही दोघं मुळात प्रेमातच कशाला पडली असती?