न मारताही घडणारी हिंसा

फुलपाखरू मुद्दाम कोणी मारत नाही, तरी ते नाहीसे होते. मग या हिंसेचा कर्ता कोण, हे अहिंसा मानणाऱ्याने स्वतःला विचारायलाच हवे. आंबोलीच्या घाटमाथ्यावरचे सदर्न बर्डविंग घ्या. पंखांचा पसारा 140 ते 190 मिलिमीटर, पुढचे पंख काळे मखमली, मागचे सोनपिवळे. मादी पानावर उतरते, पायांनी त्याची चव घेते आणि ईश्वरीच्या कुळातली वेल ओळखली की मगच अंडे घालते. अळी ती पाने खाऊन वेलीचे विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. हा जीव वेलीपासून वेगळा काढताच येत नाही. रान साफ करताना कोयता पडतो तो वेलीवर. फुलपाखराला कोणाचा हातही लागलेला नसतो.

हेतूच नाही तर पाप कसले, असे कोणी म्हणेल. बौद्ध विचार कर्माचे मूळ चेतनेतच, म्हणजे हेतूतच, पाहतो. पण जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेफिकिरी, आली आहे आणि मला तीच पटते. ठाऊक नव्हते तोवर अजाणतेपण. कळल्यावरही तसेच तोडत राहणे हा प्रमाद. याहून अवघड आक्षेप असा, की शेती करायची तर झाडोरा काढावाच लागतो. खरे आहे, म्हणून दोष फक्त टाळता येण्याजोग्या नुकसानीचा. असे नुकसान टाळण्याची जुनी रीत म्हणजे देवराया, देवाच्या नावाने राखलेली राने. त्या करुणेने नव्हे, देवाच्या धाकाने राखल्या गेल्या, असेही म्हणतात. असेल. पण माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात अभ्यासलेल्या या रायांत बंधन एकेका प्राण्यापुरते नव्हते, सगळ्या जागेला होते. वेल आपोआपच त्यात आली.

पर्जन्यछायेतल्या आमच्या सुपे गावाला हे लागू नाही, असे समजू नये. बर्डविंग इथे येणार नाही. पण माळावरच्या रुईवर प्लेन टायगर या फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी वाढते आणि तीही रुईचे विष अंगात साठवते. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ आपण घालतो, तीच रुई बांधावर दिसली की तण म्हणून उपटतो. हे फुलपाखरू दुर्मिळ नाही, मग एवढी काळजी कशाला? दुर्मिळ जीवाला दुसरा आसरा नसतो, म्हणून तिथला प्रमाद जास्त गंभीर, एवढे मी मान्य करतो. पण जीवदया संख्या पाहून सुरू होत नाही, आणि बांधावरची चार रुईची झाडे राहू दिल्याने कोणाचे पीक बुडत नाही.