पाटीवर नसलेली ओळ

गावरस्त्याच्या तोंडाशी एक पाटी उभी असते. योजनेचं नाव, कामाचं नाव, लांबी, किंमत, ठेकेदार, काम सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा, खाली पाच वर्षांच्या देखभालीची ओळ. चोपड्याकडे जा की साक्रीकडे, मजकुराची तऱ्हा तीच. दोन पावसाळे गेले की रंग उडतो. मग लांबी वाचता येते आणि किंमत येत नाही. पण पाटी नवीकोरी असतानाही एक गोष्ट तिच्यावर नसते: हा रस्ता कशासाठी केला.

‘कशासाठी म्हणजे? जाण्यायेण्यासाठी,’ असं कोणीही म्हणेल, आणि आपण सगळे तिथेच थांबतो. पण कोणाचं जाणं? रावेरची केळी भरलेला ट्रक, बारावीची मुलगी, बाळंतपणाला निघालेली बाई आणि सुरतेहून नागपूरला चाललेला कंटेनर एकाच डांबरावरून जातात, पण चौघांची कामं चार. सरकारी वहीत मोजलं जातं ते डांबर.

हेतू कुठेच लिहिलेला नसतो असंही नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली, तेव्हा तो नेमका लिहिला होता: मैदानी भागातली 500 लोकवस्ती आणि डोंगरी-आदिवासी भागातली 250 लोकवस्ती बारमाही रस्त्याने जोडायची. सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे या 250च्या आकड्यातले. पुढे वस्ती ‘जोडली’ म्हणून नोंद होते आणि फाइल मिटते. त्या रस्त्यावर एसटी आली का, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा. रस्ता एकाचा, गाडी दुसऱ्याची, शाळा तिसऱ्याची. त्यावरून जाणारी मुलगी मात्र एकच.

तिच्यासाठीच काढलेली एक गाडी आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या राज्याने 2011-12 पासून सुरू केल्या: 22 जिल्ह्यांतले 125 तालुके, सुरुवातीला तालुक्याला पाच गाड्या, बारावीपर्यंतच्या मुलींना गाव ते शाळा मोफत प्रवास. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे त्यात आले. वाहतुकीवरच्या सरकारी खर्चात इतका स्वच्छ हेतू मला क्वचितच दिसतो. गाडी दळणवळण वाढवण्यासाठी नाही, नफ्यासाठी तर नाहीच. आठवी-नववीत मुलीची शाळा सुटू नये म्हणून ती आहे.

मग ही योजना फळली हे कशावरून ठरवायचं? गाड्या किती घेतल्या आणि किती किलोमीटर पळाल्या, हे आगाराच्या नोंदीत मिळतं. खरं उत्तर शाळेच्या हजेरीपटात असतं. शाळा साडेपाचला सुटणार आणि गाडी पाचलाच फाट्यावरून निघून जाणार असेल, तर किलोमीटर पुरे भरतात, डिझेल जळतं, आणि मुलगी अंधारात चालत घरी येते. दोन-चार महिने तसं झालं की बाप म्हणतो, बस झालं शिक्षण. आगाराच्या लेखी फेरी पूर्ण असते. ओट्यावर बसलेली आजी मात्र रोज अचूक लेखापरीक्षण करते. तिचा प्रश्न एकच: ‘गाडी उनी का?’ म्हणजे गाडी आली का? गाडीतून कोण उतरलं, हे ती स्वतःच पाहते.

आता हाफ तिकीट घ्या. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं, म्हणून प्रत्येक तिकीट कंडक्टरच्या मशीनमध्ये नोंदलं जातं. आकड्यांची टंचाई नाही. पण तिकिटावर ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असतं, ‘कशासाठी’ नसतं. पारोळ्याहून अमळनेरला गेलेली बाई दवाखान्यात गेली, बाजाराला गेली की नव्यानेच लागलेल्या कामावर गेली? यातलं तिसरं उत्तर हजारो बायकांचं असेल, तर ही सवलत रोजगाराची योजना ठरते आणि तिच्यावरचा खर्च वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. वर्षातून एकदा चार स्थानकांवर हजारभर बायकांना विचारलं तरी अंदाज येईल. त्याला लागणारा पैसा सवलतीच्या रकमेपुढे चहापाण्याइतका आहे.

हेतू मोजला नाही की काय होतं, ते महामार्गावर दिसतं. केंद्राच्या रस्ते खात्याचा आवडता आकडा म्हणजे रोजचे किलोमीटर. 2020-21 मध्ये देशात दिवसाला सरासरी 36 किलोमीटरहून जास्त राष्ट्रीय महामार्ग बांधला गेला. दुसरा आकडाही त्याच खात्याचा. अपघाती मृत्यू 2020 पर्यंत निम्म्यावर आणू, असं भारताने 2015 मध्ये ब्राझीलियाच्या परिषदेत मान्य केलं होतं. त्या वर्षी देशात रस्त्यांवर 1,46,133 माणसं गेली. 2022 मध्ये 1,68,491. पहिल्या आकड्यावर समारंभ होतात.

जळगावकरांना हे समजावून सांगायला नको. जुना सहा नंबरचा हायवे, आता 53 नंबरचा, शहराच्या पोटातून जातो. लांबच्या वाहतुकीसाठी तो वेगाचा रस्ता. खोटेनगरपासून कालिंकामाता मंदिरापर्यंतच्या वस्त्यांसाठी तो ओलांडायचा रस्ता. माणसं मरत गेली, तेव्हा लोकांनी समांतर रस्त्यांसाठी आंदोलनं केली. ती मागणी डांबराची दिसते, पण आत प्रश्न होता की हा रस्ता शहराचं कोणतं काम करतो. शहरातलं चौपदरीकरण, भुयारी मार्ग, बाहेरून पाळधी ते तरसोद वळणरस्ता, हे सगळं त्यानंतरचं.

उलट एक योजना अशी आहे जिचं अपयश स्पष्ट दिसलं, आणि मला ती त्यासाठीच आवडते. विमानसेवेसाठीच्या उडान योजनेने कसोटी आधीच लिहून ठेवली होती: तोटा भरून काढायला सरकार तीन वर्षं पैसे देईल, त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. जळगावचं विमान या योजनेत डिसेंबर 2017 मध्ये उडालं, बंद पडलं, दुसऱ्या कंपनीने सुरू केलं, तेही थांबलं, 2024 मध्ये पुन्हा सुरू झालं. महालेखापालांनी 2023 च्या अहवालात देशाचा हिशेब मांडला: तपासलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, तीन वर्षं पूर्ण केली 112 मार्गांनी, आणि त्यापुढे टिकले 54. हा हिशेब मांडता आला तो मुदत आणि अट कागदावर होती म्हणून. ‘हवाई संपर्क बळकट करणे’ एवढंच लिहिलं असतं, तर एका विमानाच्या एका फेरीनेही ते पूर्ण झालं असतं.

धुळ्याला आता अशीच कसोटी आधी लिहून ठेवायची संधी आहे. चाळीसगावहून 1900 साली रेल्वेचा फाटा शहरापर्यंत आला. 16 फेब्रुवारी 2019 रोजी धुळे–नरडाणा मार्गाची पायाभरणी झाली, आणि 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर मार्ग मंजूर केला: 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये, 30 नवी स्थानकं, सुमारे हजार गावं आणि 30 लाख लोकांना जोडणी, 2028-29 पर्यंत पूर्ण. महाराष्ट्राच्या कांदा पट्ट्याला आणि मध्य प्रदेशातल्या भरडधान्याच्या जिल्ह्यांना थेट वाट, वर्षाला 2 कोटी 60 लाख टन जादा मालवाहतूक.

यातली स्थानकं मोजायला सोपी, भिंती उभ्या राहिल्या की झालं. कांद्याचं तसं नाही. रेल्वे आल्यावर तो डब्यात चढला की पूर्वीसारखाच ट्रकने गेला, हे कळायला आधी किती जात होता ते माहीत लागतं. मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या टोलनाक्यांवर वाहनं मोजली जातात, आतला माल नाही. पळासनेरवरून मध्य प्रदेशात जाणाऱ्या कांद्याच्या गाड्या रूळ पडायच्या आत, एखाद्या हंगामात, वही घेऊन मोजायला कोणीतरी बसायला हवं.