थंड मुलखाची शिदोरी

प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती आपण जे बांधून देतो, त्याला मराठीत शिदोरी म्हणतात. अरबीत त्यासाठी 'जाद' हा शब्द आहे. दिव्य कुरआनमधील सूरह बकराच्या १९७ व्या आयतीत अल्लाह तआलाने हजच्या यात्रेकरूंना शिदोरी सोबत घेण्याचा आदेश दिला आणि लगोलग स्पष्ट केले, की सर्वांत उत्तम शिदोरी तक्वा, म्हणजे ईशपरायणता हीच होय. एकाच आयतीत दोन्ही गोष्टी आल्या. भाकरीही घ्या आणि ईशपरायणताही घ्या. एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही.

वाचकहो, या आयतीची आठवण होण्याचे कारण आजच्या आपल्या घरांत आहे. आपली मुले-मुली आता शिक्षणासाठी दूरच्या देशांत जाऊ लागली आहेत. कोणी पूर्ण पदवीसाठी जातो, कोणी एकाच सत्रासाठी. जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि मार्चअखेर संपते. म्हणजे रत्नागिरीच्या दमट हवेत वाढलेला, स्वेटर क्वचितच अंगात घातलेला मुलगा थेट बर्लिनच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात उतरतो. निघण्याआधी महिनाभर घरात एकच विषय असतो: बॅगेत काय भरायचे? (मुलगी जाणार असेल, तर मेहरमचा प्रश्न आपल्या मसलकाच्या मुफ्तींना विचारून आधी सोडवावा. तो स्वतंत्र विषय आहे.)

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु बॅग भरताना माणूस नकळत आपल्या मनाचीच यादी करीत असतो. त्याला कशाची भीती वाटते, त्याचा भरवसा कशावर आहे आणि मुलाच्या जपणुकीचे काम तो कोणत्या वस्तूंवर सोपवतो, हे त्या बॅगेत दिसते. म्हणून हा प्रश्न नैतिक आहे आणि दीनचाही आहे.

काही धार्मिक मंडळी म्हणतात, एवढी तयारी कशाला? अल्लाह तेथेही आहे, त्याच्यावर तवक्कुल करावा. वाक्य खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार, वर उल्लेखिलेली आयत ज्या लोकांसंदर्भात अवतरली ते येमेनचे यात्रेकरू होते. ते शिदोरी न घेता हजला येत, स्वतःला तवक्कुल करणारे म्हणवीत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरीत. कुरआनने त्यांच्या भरवशाची प्रशंसा केली नाही. तयारी न करणाऱ्याच्या तवक्कुलचा भार शेवटी दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. परदेशी वसतिगृहात ज्याच्याकडे पहिल्या महिन्याचा खर्च नाही आणि अंगावर पुरेसे कपडे नाहीत, त्याचा भार त्याच्याइतक्याच अडचणीतल्या सोबत्यांवर पडतो.

तवक्कुल कसा असतो, हे पाहायचे तर हिजरतीकडे पाहावे. आदरणीय प्रेषित (स.) यांच्यासह तो प्रवास करण्यासाठी हजरत अबू बकर (रजि.) यांनी दोन उंटिणी चार महिने घरी चारा घालून पोसल्या होत्या. वाटाड्या म्हणून पगारी माणूस ठरवला होता आणि तो तेव्हा मुस्लिमही नव्हता, पण वाटांचा जाणकार होता. घरात शिदोरीची पिशवी भरली गेली. तिचे तोंड बांधायला काही सापडेना, तेव्हा हजरत अस्मा (रजि.) यांनी आपला कमरपट्टा फाडून त्याने पिशवी बांधली. म्हणूनच त्यांना 'जातुन्निताकैन', दोन कमरपट्ट्यांची धनीण, हे नाव मिळाले. इस्लामच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रवास एका मुलीने बांधलेल्या शिदोरीनिशी सुरू झाला. पुढे सौरच्या गुहेत शत्रू तोंडाशी आला, तेव्हा उंट, वाटाड्या, शिदोरी यांतले काहीच उपयोगी पडणार नव्हते. त्या क्षणी प्रेषितांनी (स.) सोबत्याला दुःख न करण्यास सांगितले, कारण अल्लाह सोबत होता. तयारी जिथवर पोहोचते तिथवर तयारी करावी आणि तिच्यापलीकडे भरवसा ठेवावा.

तेव्हा ऊबदार कपडे घेणे हे ईमानच्या कमतरतेचे लक्षण नव्हे. सूरह नहलच्या पाचव्या आयतीत जनावरांपासून मिळणाऱ्या उबेचा उल्लेख अल्लाहच्या देणग्यांमध्ये झाला आहे. तबूकच्या मोहिमेत प्रेषितांच्या (स.) अंगावर शामी बनावटीचा लोकरी जुब्बा होता. त्याच्या बाह्या इतक्या अरुंद होत्या, की वजूसाठी हात आतून खालच्या बाजूने बाहेर काढावे लागले. शाम तेव्हा रोमनांच्या सत्तेखाली होता. परक्या मुलखाच्या विणीचे वस्त्र अंगात घातल्याने दीनला बाधा येत नाही, हे यावरून कळते.

मात्र भीतीपोटी बॅग फुगवणे ही तयारी नव्हे. विमानात साधारणपणे २३ किलोंच्या आसपास सामान नेऊ देतात. त्यात मुंबईच्या बाजारातून घाईने घेतलेले दोन जड कोट कोंबले, तर बाकी जागा उरत नाही आणि पुष्कळदा ते कोट तिथल्या वाऱ्याला पुरतही नाहीत. थंडीत जाड एका कपड्यापेक्षा थर उपयोगी पडतात: अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे जॅकेट. सुती कपडा ओला झाला की अंग गारठवतो, म्हणून सर्वांत आतला थर सुती नसावा. थर्मल व लोकरी कपडे येथून न्यावेत आणि वरचा कोट तेथे जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्यावा. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या घराने तर इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, कटाक्षाने टाळावी. चामड्याचा बूट किंवा जॅकेट घेताना आतले अस्तर पाहावे. जर्मन लेबलवर 'श्वाइन' हा शब्द दिसला, तर ते डुकराचे चामडे आहे आणि ते कमावले तरी पाक होत नाही.

एवढे झाले की शरीराची थंडी सांभाळली गेली. आईवडिलांना खरी धास्ती असते ती दुसऱ्या थंडीची. तेथे जाऊन पोराची नमाज सुटेल, ईमान गारठेल, ही ती धास्ती. मग तिच्यावर उपाय म्हणून आपण पुन्हा वस्तूच भरतो: जानमाज, तसबीह, अत्तराची कुपी, किब्ला दाखवणारे होकायंत्र. या वस्तू चांगल्या आहेत, पण वस्तू कोणाची राखण करू शकत नाही. ज्या शिदोरीचा उपयोग ठाऊक नाही, ती केवळ ओझे होते. मुलासोबत दीनची समज पाठवली आहे का, हा विचार किती घरांत होतो?

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. आपण मुलांना दीनची कठोर बाजू शिकवतो आणि त्याची सुलभता शिकवायचे राहून जाते. काय हराम आहे, याची यादी दहा वर्षांचे मूलही सांगते. मात्र अडचणीच्या वेळी शरीअतने कोणती रुख्सत, म्हणजे सवलत, दिली आहे, हे पंचविशीच्या तरुणालाही सांगता येत नाही. गावात यामुळे काही अडत नाही. पण विद्यापीठाच्या इमारतीत, बाहेर हिम पडत असताना, हात धुण्याच्या उंच बेसिनमध्ये पाय उचलून धुवायचा, जमीन ओली करायची, शेजारच्यांच्या नजरा झेलायच्या आणि ओल्या पायात पुन्हा बूट चढवायचा, हे दिवसातून तीनदा करण्याची वेळ आली की मुलगा चार दिवस करतो. पाचव्या दिवशी तो नमाज पुढे ढकलतो आणि महिन्याभराने सोडून देतो. त्याला वाटते, आपले ईमान कमकुवत निघाले. वास्तविक त्याच्या शिदोरीत एक मसला कमी होता.

तो मसला मोज्यांवरील मसहचा. पूर्ण वजू करून, घोटे झाकणारे चामडी मोजे घातले, तर पुढच्या वजूंमध्ये पाय धुण्याऐवजी मोज्यांवर ओला हात फिरवणे पुरते. मुकीम माणसासाठी ही मुदत एक दिवस व एक रात्र, तर मुसाफिरासाठी तीन दिवस व तीन रात्री आहे. तबूकच्याच प्रवासात हजरत मुगीरा (रजि.) प्रेषितांचे (स.) मोजे काढण्यासाठी वाकले, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते राहू द्यायला सांगितले, कारण पाय पाक असताना ते घातले होते. आपल्या नेहमीच्या पातळ सुती मोज्यांना हनफी आणि शाफई मसलकांत ही सवलत नाही, म्हणून चामडी मोज्यांचा एक जोड बॅगेत अवश्य असावा. वजन थोडे, पण त्याच्या आधारे सहा महिन्यांच्या नमाजा उभ्या राहू शकतात. सत्रभर एका शहरात राहणारा विद्यार्थी मुकीम ठरतो, हेही ध्यानात असावे. हनफी मसलकात पंधरा दिवस, तर कोकणातील आपल्या बहुसंख्य घराण्यांच्या शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस वगळून चार दिवस मुक्कामाची नियत असली, की नमाज पूर्ण अदा करावी लागते.

रुख्सतीला मर्यादाही आहे आणि ती ठाऊक असणे हाही ज्ञानाचाच भाग. हिजरी सन ८ मध्ये जातुस्सलासिलच्या मोहिमेत हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना कडाक्याच्या थंडीच्या रात्री गुस्लची गरज पडली. अंघोळ केल्यास जिवाला धोका आहे असे वाटून त्यांनी तयम्मुम केला आणि सोबत्यांना नमाज पढवली. प्रेषितांनी (स.) विचारणा केली, तेव्हा स्वतःचा जीव धोक्यात न घालण्याविषयीच्या कुरआनच्या आदेशाचा त्यांनी आधार दिला. प्रेषित (स.) हसले आणि काही बोलले नाहीत. यावरून थंडीतील तयम्मुमची सोय सिद्ध होते. पण बर्लिनच्या वसतिगृहात नळाला गरम पाणी आहे. तेथे केवळ अंथरुणातून उठण्याच्या कंटाळ्याने तयम्मुम करणे ही रुख्सत नव्हे, ती मनाची पळवाट आहे.

कोणी म्हणेल, सवलती शिकवल्या की मुले सैल होतील. हा आक्षेप समजण्याजोगा आहे, पण हजरत आयशा (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) रीत सांगितली आहे, की दोन मार्गांपैकी निवड करायची असेल आणि सोप्या मार्गात गुन्हा नसेल, तर ते सोपा मार्ग निवडीत. अल्लाहने दिलेली सवलत घेणे ही आज्ञापालनाचीच एक रीत आहे. ज्याला शरीअतचा सोपा दरवाजा ठाऊक नाही, तो अडचणीत भिंत तोडून बाहेर पडतो. सैलपणा बहुधा तेथूनच सुरू होतो.

वेळेची समज हीदेखील शिदोरीच. डिसेंबरच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. जुहर, अस्र आणि मगरिब या तिन्ही नमाजांच्या वेळा दुपारी बारा ते चार एवढ्या अवधीत एकामागून एक सुरू होतात. लागोपाठची दोन व्याख्याने त्या सहज गिळून टाकतात. उलट फजर तिथल्या हिवाळ्यात किती सोपी! सूर्योदयाआधी उठायला पहाटेची झोप मोडावी लागत नाही. दिवस आखूड असल्याने राहिलेले रोजेही सहज पूर्ण करता येतात. थंड मुलूख काही घेतो तसे काही देतोही, हे मुलाला निघण्यापूर्वी सांगावे.

घरापासून तुटलेल्या तरुणांची एक कथा सूरह कहफमध्ये आहे. ते गुहेत गेले तेव्हा त्यांच्याजवळ चांदीची नाणी होती. म्हणजे अल्लाहसाठी घर सोडणाऱ्यांनीही खर्चाची तजवीज केली होती. जागे झाल्यावर त्यांनी एकाला शहरात पाठवताना दोन सूचना दिल्या: अन्न सर्वांत पाक असेल ते आणावे आणि वागण्यात सौम्यता ठेवावी. परमुलखातील विद्यार्थ्याला याहून नेमका उपदेश कोणता असेल? पदार्थावर 'गेलाटीन' लिहिले असेल तर ते कशाचे, हे विचारावे, पण विचारताना भांडू नये. हलालचा आग्रह आणि जिभेचा गोडवा एकाच माणसात नांदले पाहिजेत.

शेवटची शिदोरी नियतीची. डॉ. झाकिर हुसेन यांनी याच बर्लिनमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ साली ते परतले ते आर्थिक संकटात सापडलेल्या जामिया मिल्लियाच्या सेवेसाठी, अगदी तुटपुंज्या वेतनावर. पुढे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. जाताना बॅग काय काय घेऊन जाते, हे घरचे पाहतात. येताना ती कोणासाठी काय घेऊन येणार, हे जाणाऱ्याने आपल्या नियतीत आधीच ठरवायचे असते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, निघण्याच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर बॅग चढवण्याआधी, त्याच्या महिनाभर अगोदर, मुलाला जवळ बसवा. मसहचा मसला त्याच्याकडून एकदा करवून घ्या. नमाजांचे वेळापत्रक त्याच्या तासिकांशी जुळवून पाहा. एखादी नमाज चुकलीच, तर लाजेने घरापासून तोंड लपवू नकोस, कजा कर आणि पुन्हा उभा राहा, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू द्या. भीती दाखवून पाठवलेले मूल चुकल्यावर दूर पळते. समज देऊन पाठवलेले मूल चुकल्यावर परत वळते.

एकदा एक मनुष्य प्रेषितांकडे (स.) आला आणि म्हणाला, मी प्रवासाला निघालो आहे, मला शिदोरी द्यावी. प्रेषितांनी (स.) त्याला दुआ दिली, की अल्लाह तुला तक्वाची शिदोरी देवो. त्याने आणखी मागितले, तेव्हा गुन्ह्यांच्या क्षमेची दुआ दिली. त्याने पुन्हा मागितले, तेव्हा तो जेथे असेल तेथे त्याच्यासाठी भलाई सुलभ व्हावी, अशी दुआ केली. या शिदोरीला वजनाची मर्यादा नाही. दूरच्या थंड मुलखांत शिकणाऱ्या आपल्या सर्व लेकरांना अल्लाह तआला ती भरभरून देवो. आमीन.