अंगावर उमटलेला गोवर

मोहल्ल्यात एखाद्या लेकराला ताप चढून डोळे लाल झाले, की म्हातारी माणसे पहिला प्रश्न विचारीत, "गोवर बाहेर पडला का?" पुरळ उमटले की दादीमांचा जीव भांड्यात पडे. गोवर आत राहिला तर पोर हातचे जाते, असे त्या म्हणत. चार बुके शिकलेल्या आम्हांला तो अडाणीपणा वाटे. आज थोडे शरमून कबूल करावे लागते, की त्यात अर्धे सत्य होते.

गोवराचे पुरळ विषाणू एकटा काढत नाही, आपलेच शरीर ते काढते. लागण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी शरीराच्या संरक्षक पेशी त्वचेतल्या बाधित पेशींवर तुटून पडतात. त्या झटापटीच्या खुणा म्हणजे ते लाल ठिपके. 1959 साली बोस्टनच्या जॉन एंडर्स आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाने दगावलेल्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनात गोवराचा विषाणू शोधला. आधीच्या गंभीर आजारांनी खचलेल्या या रुग्णांच्या अंगावर पुरळ उमटलेच नव्हते. प्रतिकार नव्हता, म्हणून खूणही नव्हती.

मग आजार म्हणायचे कशाला? हजार-अकराशे वर्षांपूर्वी देवी आणि गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या हकीम अबू बक्र अल-राझींनी कारण रक्ताच्या उकळण्यात शोधले. कारण चुकले, पण शरीर स्वतःच काहीतरी करते आहे, हे त्यांनी पाहिले होते.

'ब' प्रकारच्या काविळीत हे अधिक बोचते. तो विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. त्याला हुसकताना आपल्याच पेशी यकृत जाळतात. धडधाकट माणूस पिवळा पडतो आणि बहुधा बरा होतो. आईकडून लागण झालेले तान्हे बाळ मात्र लढतच नाही, हसत-खेळत राहते; अशा दहांतल्या नऊ बाळांत विषाणू मुक्काम करतो आणि कित्येकांना दशकांनंतर यकृताचा कर्करोग गाठतो. त्या शांततेला आरोग्य म्हणता येत नाही.

आणि लढाई आवरलीच नाही तर? 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधील चाचणीत दिसले, की डेक्सामेथासोन हे स्वस्त, प्रतिकार दडपणारे औषध व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही. 2021 च्या लाटेत हीच जातीची औषधे आपल्याकडे सरसकट दिली गेली. मधुमेह्यांना काळ्या बुरशीने गाठले. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दिवसांत चार-पाच माणसांत जनाजे उचलले.

आपल्याकडे नियत साफ असली की अर्धा हिशेब मिटतो. पेशींना नियत नसते, हे खरे. शरीरावरून समाजाचे धडे काढणेही धोक्याचे. 2020 साली एका जमातीलाच विषाणू ठरवणारे शब्द आम्ही ऐकले आहेत. माणूस विषाणू नसतो. तरीही एक प्रश्न आम्हांला सोडत नाही. रक्षणाच्या हेतूने केलेल्या कृतीने ज्याचे रक्षण करायचे तोच भाजला, तर हेतूची साक्ष पुरेल का?

2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवर फैलावला, मुले दगावली. कोविडच्या काळात लसी राहून गेल्या होत्या. जिथे सरकारी पथकाला दार लावून घेतले गेले, तिथे निव्वळ अज्ञान नव्हते. दोन वर्षांपूर्वी याच दारांकडे संशयाने पाहिले गेले होते. तो राग आम्हांला रास्त वाटतो. पण त्याची किंमत पाळण्यातल्या लेकराने मोजली. हा आपल्यापुरताच रोग नव्हे. नेदरलँड्समधील सनातनी प्रोटेस्टंट वस्त्यांतही धर्माच्या नावाने लस नाकारली जाते. तिथल्या मुलांवरील 2019 च्या अभ्यासात दिसले, की गोवर जुन्या आजारांविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के पुसून टाकतो. शरीराची आठवणच जाते.

तेव्हा आमच्यापैकी काहीजण लसीसाठी गल्ल्यांतून फिरत होते. एक आई दारातूनच म्हणाली, "पिछली बार नाम लिखके गये, फिर पूछने कोई नहीं आया." आमच्याकडे उत्तर नव्हते. मग तिने विचारले, "सुई के बाद बुखार आया तो?" येऊ शकतो, आम्ही म्हणालो, आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, क्वचित थोडे पुरळ. शरीर शिकते आहे, त्याचीच ती खूण. "मतलब गोवर बाहर निकलेगा," ती म्हणाली, आणि बाळाची बाही वर सारली. दहाव्या दिवशी पुन्हा येऊ, असा शब्द आम्ही तिला दिला होता. गेलो, तेव्हा बाळ रांगत होते.